छातीवरचा सीमाप्रश्न

बेळगावात माणूस कुठल्या गल्लीचा, कुठल्या मंडळाचा आणि कुणाच्या गटातला, हे त्याला विचारावं लागत नाही. त्याच्या शर्टाची डावी बाजू बघावी. तीन-साडेतीन इंचांत सगळा मजकूर दोऱ्यानं भरून ठेवलेला असतो. शिवजयंतीला चित्ररथापुढं चालणारे, गणपतीच्या वर्गणीला पावतीपुस्तक घेऊन फिरणारे, टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणारे, उद्यमबागेत फाउंड्रीच्या शिफ्टला निघालेले, एवढंच काय, पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जाणारे पेन्शनरसुद्धा आता लोगोशिवाय घराबाहेर पडत नाहीत. पेन्शनरांच्या लोगोत हमखास उगवता सूर्य असतो. का, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

पूर्वी भरलेलं चिन्ह दोनच ठिकाणी दिसायचं. एक शाळेच्या खिशावर आणि दुसरं कॅम्पात, फौजी टेलरच्या दुकानात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. रेजिमेंटचा इतिहास १७६८ पासूनचा. त्यामुळं छातीवर काय लावावं आणि किती उंचीवर लावावं याची अक्कल आपल्या गावाला इतरांपेक्षा अंमळ जास्त आहे, असा आमचा प्रामाणिक समज आहे. जवळजवळ प्रत्येक मंडळात एखादे निवृत्त सुभेदार असतातच. आमच्याकडचे सुभेदारमामा बैठकीत शेवटी बोलतात आणि दरवर्षी तेच बोलतात : "लोगो खिशाच्या वर अर्धा इंच. सरळ रेषेत. बाकी तुमचं तुम्ही ठरवा." मंडळाच्या इतिहासात बिनविरोध मंजूर झालेला हा एकमेव ठराव. बाकी सगळ्यावर वाद.

वादाला कारण आहे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, असा कायदा कर्नाटकानं २०२४ मध्ये केला. पाट्या उतरल्या, नव्या चढल्या, रंगाऱ्यांचे आणि फ्लेक्सवाल्यांचे चार दिवस बरे गेले. पण त्या कायद्यात पाटीचा उल्लेख आहे, पोटाचा नाही. येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' हा फलक २०१४ च्या जुलैत पाडला गेला तेव्हा सगळ्या सीमाभागात रान पेटलं होतं. टी-शर्ट पाडता येत नाही. फार तर मळतो. त्यामुळं इथला माणूस लोगोची ऑर्डर द्यायला निघतो तेव्हा १९५६ पासूनचं सगळं बरोबर घेऊन निघतो. राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि बसवायचं असतं साडेतीन इंचांत.

आमच्या मंडळानं ठरवलेला लोगो तुम्हीच बघा. मधोमध अश्वारूढ महाराज. मागं राजहंसगड, कारण तो आपला. (तिथल्या महाराजांच्या पुतळ्याचं उद्घाटन २०२३ च्या मार्चमध्ये दोन पक्षांनी दोन वेगवेगळ्या दिवशी केलं. एवढा मान दुसऱ्या कुठल्या गडाला मिळाला असेल असं वाटत नाही.) वर फडकता भगवा. खाली दोन तलवारी, एकमेकींवरून गेलेल्या. भोवती सूर्याची किरणं. पेन्शनरांना आहेत तर आपल्याला का नकोत? वरच्या कमानीत मंडळाचं नाव, खालच्या कमानीत गल्लीचं. दोन कमानींच्या मधे घोषवाक्य. स्थापना साल. रजि. नं. हा पाहिजेच, त्याशिवाय मंडळ खरं वाटत नाही. ती नोंदणी कुठल्या सरकारकडं झालेली आहे हे मात्र बैठकीत कुणी उच्चारत नाही. आणि सगळ्यात खाली देणगीदाराचं नाव, कारण टी-शर्टचं कापड त्यांच्याकडून येणार.

फ्रान्समध्ये रने लाकोस्त म्हणून एक टेनिसपटू होऊन गेला. त्याला लोक 'मगर' म्हणायचे. १९२० च्या दशकात त्याच्या एका मित्रानं मगरीचं चित्र काढून दिलं, ते त्यानं आपल्या ब्लेझरवर भरून घेतलं आणि १९३३ पासून तीच मगर शर्टावर बसवून विकायला काढली. नुसती मगर. ना स्थापना साल, ना तालुका, ना जिल्हा. तरी जगभर चालली. आमच्या मंडळापुढं ती मगर आली असती तर नामंजूर झाली नसती. पण तिच्या एका हातात ध्वज दिला असता आणि शेपटीखाली देणगीदाराचं नाव घातलं असतं.

बैठकीतला खरा तंटा गावाच्या नावावरून झाला. म्हाताऱ्यांना 'बेळगाव' देवनागरीत पाहिजे. सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झालेलं आहे. ते छातीवर घ्यायला कुणीच तयार नाही. पोरांना दोन्ही नकोत. त्यांना रेल्वे स्टेशनची खूण पाहिजे : बीजीएम. शेवटी कॉलेजातल्या एका पोरानं 'केए २२' सुचवलं. आपल्या सगळ्यांच्या गाड्यांवर तेच असतं, भांडणच मिटलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेले एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते उठले. "के आणि ए म्हणजे काय रे बा?" सभा शांत. मग 'केए' काढलं. राहिला नुसता २२. त्यावर खजिनदार म्हणाले, हा आकडा बघून लोक म्हणतील बाविसावा वॉर्ड. तोही काढला.

अशा रीतीनं तयार झालेला लोगो घेऊन आम्ही शहापूरला गेलो. शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग. काही गल्ल्यांत अजून मागाचा आवाज येतो. त्याच आवाजात आता कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनचा आवाज मिसळलेला आहे. मशीनच्या मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांची मातृभाषा कन्नड, धंद्याची भाषा बेळगावी मराठी, आणि मशीनवर बसलेला कारागीर बिहारचा असल्यामुळं शिव्यांची भाषा हिंदी. मामांनी लोगो बघितला. लोगो म्हणजे अर्थातच मोबाइलवरचा फोटो, मागच्या वर्षीच्या टी-शर्टचा, आमच्या उपाध्यक्षांच्या अंगावर असताना काढलेला. उपाध्यक्षांची तब्येत बघता गडाचा पाया थोडा पुढं आलेला होता.

"सावकार," मामा म्हणाले, "ह्यात वट्ट काय काय बसवायचं?"

"आहे तेवढं सगळं."

मामांनी हिशेब मांडला. भरतकामाचा भाव हजार टाक्यांवर असतो. चित्रातल्या प्रत्येक रेघेचे टाके करून त्यांची फाइल बनवायची, त्याला पंचिंग म्हणतात. त्याचे पैसे एकदाच. छातीवरचा साधा लोगो सात-आठ हजार टाक्यांत होतो. मशीन मिनिटाला सात-आठशे टाके घालतं, म्हणजे एका शर्टाला दहा मिनिटं. आमचा लोगो तेवीस हजारांवर गेला. एका शर्टाला अर्धा तास, तोसुद्धा दोरा तुटला नाही आणि लाइट गेली नाही तर. "आणि दुसरं म्हणजे," मामा म्हणाले, "एवढे टाके पातळ होजिअरीवर घातले की कापड गोळा होतंय. शर्ट खुंटीशिवाय उभा राहील की वो."

खजिनदारांनी शर्टांची संख्या आणि टाके यांचा गुणाकार केला आणि पाणी मागितलं.

मग कापाकापी सुरू झाली. बैठकीत जे तीन तास भांडून घातलं होतं, ते मामांनी पाच मिनिटांत काढलं. पहिली किरणं गेली. मग तलवारी गेल्या. एक ठेवू या म्हणाले, पण एकटी तलवार गळ्यापाशी बघून अध्यक्षांच्या पोटात गोळा आला. गडाचे सहा बुरूज होते, त्यांचे दोन झाले. घोड्याचे चार पाय ठेवले तर मधली जागा भरून निघते, म्हणून दोन पायांवर तडजोड झाली. घोडा आता उधळलेला दिसतो. सुभेदारमामांना ते आवडलं.

रजि. नं. वर मात्र मामा अडून बसले. अक्षर पाव इंचाच्या खाली गेलं की सुई त्याच भोकात परत परत उतरते आणि आकड्यांची गाठ होते. देवनागरीला तर त्याहून जास्त जागा लागते. इंग्रजी कॅपिटल अक्षर एका मजल्याचं. आपलं अक्षर म्हणजे वर वेलांटी, त्यावर रफार, खाली उकार. उंची तीन जणांत वाटली जाते आणि मधल्या बिचाऱ्या अक्षराला राहतं किती? शाळांच्या खिशांवर बघा. 'तमसो मा ज्योतिर्गमय' हे पुष्कळ शाळांना लागतं. पण अडीच इंचांच्या बिल्ल्याच्या कमानीत ते बसवताना पहिला बळी रफाराचा जातो. पोरगं 'ज्योतिगमय' घालून दहा वर्षं शाळेत जातं, आणि मराठीच्या पेपरात रफार विसरला म्हणून त्याचाच अर्धा मार्क कापतात.

मागच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. बेळगावपासून गाडीनं दीड-दोन तासांवर धारवाड. तिथली कसुती प्रसिद्ध. ती कापडाचे दोरे मोजून काढतात, चित्र छापून घेत नाहीत आणि गाठ मारत नाहीत. गवंतीचा टाका तर असा, की उलट बाजू कुठली आणि सुलट कुठली, सांगता येऊ नये. कॉम्प्युटरच्या भरतकामाची उलट बाजू सांगावी लागत नाही. ती बनियन न घालता शर्ट घातला की आपोआप कळते. आत जाड पेपर, त्यावर खालच्या दोऱ्याचा गुंता. आमच्या मंडळाचा अभिमान छातीला टोचतो, हे अगदी अक्षरशः खरं आहे.

आता रंग. इथं वाचकांनी जरा सावरून बसावं. मशीनला लागणाऱ्या फाइलला डीएसटी म्हणतात. तिच्यात टाका कुठं घालायचा ते असतं, दोरा कुठं बदलायचा तेही असतं. कुठला रंग, हे मात्र नसतं. फाइल एवढंच सांगते : इथं थांब, दुसरी सुई घे. त्या सुईत कुठल्या रंगाचं रीळ लावायचं ते कारागिरानं ठरवायचं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ही तांत्रिक बाब राहिली असती. आमच्याकडं ऑक्टोबरात, जेव्हा एकाच दुकानात १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाचे लाल-पिवळे शेले आणि त्याच दिवशी मराठी माणूस पाळतो त्या काळ्या दिनाचे काळे शर्ट शेजारी शेजारी पडलेले असतात, तेव्हा ती कायदा-सुव्यवस्थेची बाब होते. काळ्या शर्टावर भरायचा दोरा आणि शेल्यावर भरायचा दोरा एकाच मशीनच्या शेजारशेजारच्या सुयांत ओवलेला. एक नंबर चुकला की काम तमाम. म्हणून मामा त्या पंधरवड्यात मशीनजवळून हलत नाहीत. जेवणाचा डबासुद्धा तिथंच.

आमचा प्रश्न भगव्याचा होता. मामांनी शेड कार्ड काढलं. रेयॉनच्या दोऱ्यांचे छोटे छोटे झुपके ओळीनं चिकटवलेले. त्यात 'भगवा' असं कुठंच लिहिलेलं नसतं, नुसते नंबर. केशरी, नारिंगी, गाजरी आणि विटकरीच्या मधे सहा-सात झुपके होते. अध्यक्षांनी एक दाखवला. "हा तर पक्षाचा," उपाध्यक्ष म्हणाले. दुसरा दाखवला. "हा गॅस एजन्सीचा." तिसरा सुभेदारमामांनी उचलला, उन्हात नेला, परत आणला आणि म्हणाले, "हा धुतल्यावर गुलाबी होतोय." शेवटी ध्वजाचा तुकडा आणून शेजारी धरला. ध्वज गेल्या वर्षीचा, उन्हापावसात राहिलेला. त्याच्या तीन टोकांचे तीन रंग झालेले. मामांनी कारागिराला हाक मारून कुठला तरी नंबर सांगितला. तो कुठला होता ते आम्हाला आजही माहीत नाही, आणि तेच बरं.

पंचिंग दुकानात होत नाही. मामा फोटो सुरतला पाठवतात. तिथं असलं काम करणारे शेकडो आहेत, रात्रीत फाइल परत येते. मामांचा माणूस मूळचा बंगालचा. त्याला ना मराठी वाचता येत, ना कन्नड. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे नक्षी. ही तटस्थता सीमाप्रश्नात आजवर एकाही आयोगाला साधलेली नाही, हे खरं. पण तिचे तोटे आहेत. पहिला नमुना आला त्यात 'मंडळ'वरचा अनुस्वार नव्हता. त्यानं डाग समजून पुसला होता. आणि 'ळ'ची दोन्ही भोकं टाक्यांनी भरून टाकली होती. 'मडळ' म्हणावं तर तेही नीट म्हणता येईना.

अध्यक्ष भडकले. त्याच वेळी काउंटरवर एक कन्नड संघाचे चिटणीस त्यांच्या शेल्यांचा नमुना बघत उभे होते. त्यांनीही शेला आपटला. त्यांच्या 'बेळगावी'मधलं कन्नड 'ळ' असंच बुजलेलं होतं. दोघांनी एकमेकांच्या नमुन्यांकडं बघितलं. दोघांनाही एरवी एकमेकांच्या अक्षरांत काही ना काही खुपत असतं. आज दोघांचं एकच अक्षर मेलेलं. मामांनी सुरतला फोन लावून स्पीकरवर ठेवला. अध्यक्ष मराठी वळणाच्या हिंदीत आणि चिटणीस कन्नड वळणाच्या हिंदीत असे एकाच सुरात तुटून पडले की तिकडचा पोरगा गोंधळला. "दादा, हमको लगा दो अंडा है," तो म्हणाला, "तो भर दिया." चिटणीसांनी अध्यक्षांना चहा पाजला. फोन ठेवल्यावर दोघेही आपापल्या रंगाकडं वळले, पण 'ळ' दोघांचंही सुधारून आलं.

निपाणीकरांचं दुखणं वेगळं. निपाणी हायवेवर. तिथून उत्तरेला कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल आणि पुढं कोल्हापूर; दक्षिणेला संकेश्वरवरून बेळगाव. कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब, कचेरीतली कामं मात्र बेळगावला. गाडीवर केए २३, बोलणं कोल्हापुरी वळणाचं. तिथला एक नातेवाईक तंबाखूच्या व्यापारात आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी हायवेवर बसले होते, तेव्हा हा शाळेत होता. अजूनही कुठल्याही विषयात तिथूनच सुरुवात करतो. त्याला वखारीतल्या माणसांसाठी नाव भरलेले शर्ट करायचे होते. कोल्हापूरला गेला तर दुकानदार म्हणाला, "कर्नाटकातलं गिऱ्हाईक काय?" बेळगावला आला तर इथला म्हणाला, "कोल्हापूरकडचे काय?" दोन्हीकडं त्याला परगावचा भाव लागला.

त्याला शर्टावर पत्ताही पाहिजे होता. पत्ता कधी भरून घेऊ नये. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतंत्र तालुका झाला. जुन्या शर्टांवर 'ता. चिकोडी' भरलेलं, ते उसवायला गेलं की कापडाला भोकं पडतात, आणि भोकांतूनही 'चिकोडी' वाचता येतं. आता बेळगाव जिल्ह्याची वाटणी करून चिकोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे करा, ही मागणी किती वर्षांची जुनी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती उद्या मान्य झाली तर 'जि. बेळगाव'ही गेलं. राज्याचं तर विचारूच नका; लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा आम्ही 'जि. बेळगाव' लिहून पूर्णविराम देतो. सरकार बदल करतं ते कागदावर, निस्तरावं लागतं ते शर्टावर. म्हणून त्यानं शेवटी फक्त तंबाखूचं पान भरून घेतलं. खरं तर चांगलं दिसतं. पण पोरं विचारतात, हे पालकाचं पान आहे काय?

आमचे शर्ट आले. मधे दोन पायांवरचा घोडा, मागं दोन बुरूज, वर न ठरलेल्या नंबरचा भगवा, खाली मंडळाचं नाव, अनुस्वारासकट. गावाचं नाव नाही, साल नाही, रजि. नं. नाही. खिशाच्या वर अर्धा इंच. लोक म्हणाले, यंदाचा लोगो कधी नव्हे इतका छान झालाय, कुणी केला? मंडळातल्या प्रत्येकानं सांगितलं, मी. देणगीदाराचं नाव पाठीवर गेलं, तेही प्रिंटमध्ये. दोन धुण्यांत ते निम्मं निघालं, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीला त्यांच्याकडं कुणी जायचं यावर सध्या बैठक चालू आहे.

तेव्हा ज्यांना यंदा गणपतीचे शर्ट भरून घ्यायचे आहेत, त्यांनी आतापासून लागावं. श्रावण लागला की मशीनवाले फोन उचलत नाहीत. फोटो टी-शर्टचा पाठवू नका, मूळ चित्र पाठवा. माणसाच्या पोटावरचा तर मुळीच नको. लोगोत एकच वस्तू ठेवा, फार तर दोन. अक्षर पाव इंचाहून मोठं घ्या. ऑक्टोबरात ऑर्डर असेल तर रंगाच्या सुया डोळ्यांनी बघून या. सगळे शर्ट मशीनवर चढण्याआधी एक नमुना त्याच कापडावर काढून घ्या आणि त्यावर सही करताना चष्मा लावून 'ळ' तपासा. तेवढी एक गोष्ट कन्नडवाल्यांनीही करावी.